पाय दुखत नाही, हीच तक्रार

घोडबंदर रोडने मानपाड्याहून कासारवडवलीकडे निघालं की रक्ततपासणीच्या पॅकेजचे फलक काही केल्या संपत नाहीत. थायरॉइड, व्हिटॅमिन डी, लिव्हर, कोलेस्टेरॉल, सगळं एका रकमेत, वर सकाळी घरी येऊन सॅम्पल. डायबेटिस असलेल्या माणसाला वर्षातून एकदा हमखास लागणारी एक साधी तपासणी, लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची, त्या यादीत बऱ्याचदा नसते. डोळ्याच्या पडद्याची तर नसतेच. आणि मोजे काढून पाय दाखवायला सांगणारं पॅकेज अजून निघायचं आहे.

रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि घरातल्या सगळ्यांची नजर एकाच ओळीवर जाते: फास्टिंग ११८. बाबांची शुगर नॉर्मल आली, विषय संपला. पण उपाशीपोटीची साखर ही बहुतेकांच्या दिवसातली सगळ्यात शांत वेळ असते. तेवढी बघून आजार ताब्यात आहे म्हणणं म्हणजे रविवारी पहाटे साडेपाचला घोडबंदर रोड बघून इथे ट्रॅफिक नसतोच म्हणण्यासारखं आहे. त्यातून तपासणीच्या आधी दोन दिवस भात बंद आणि रात्री फक्त चतकोर भाकरी, हा कार्यक्रम घरोघरी चालतोच.

म्हणून एचबीएवनसी बघायचं. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते; तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली त्याचा हा टक्का. त्यावरून सरासरी साखर काढायची तर टक्क्याला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२, १० म्हणजे २४०. फास्टिंग ११८ आणि एचबीएवनसी ८.६ असा रिपोर्ट अजिबात दुर्मीळ नाही. वरची सगळी साखर जेवणानंतरच्या तासांत दडलेली असते.

हाही आकडा कधीकधी फसवतो. अंगात लोह कमी असेल, आणि आपल्याकडे बायकांमध्ये ते फार वेळा असतं, तर तो आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा लाल पेशी लवकर मोडत असतील तर कमी दिसू शकतो. थॅलेसेमिया मायनर असेल तरी भरवसा धरता येत नाही. सिंधी, लोहाणा, कच्छी कुटुंबांत त्याचं प्रमाण जास्त आहे, म्हणजे उल्हासनगरपासून मुलुंडपर्यंतच्या पट्ट्यात हे लक्षात ठेवायलाच हवं. अशा वेळी घरच्या ग्लुकोमीटरवर आठवडाभर, जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी, घेतलेले आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवलेले बरे.

आता साखर वर्षानुवर्षं चढी राहिली तर नेमकं बिघडतं काय? स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनशिवाय फारशी साखर आत घेत नाहीत. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या, किडनीतल्या गाळण्या आणि मज्जातंतू यांना ती सोय नाही. रक्तात जास्त झाली की त्यांच्या आतही जास्त होते. तिथे काही साखरेचं सॉर्बिटॉल नावाचं रसायन होतं, काही प्रथिनांना चिकटून त्यांना कडक करते, आणि बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड आणि गळक्या होत जातात. डोळा, किडनी आणि पाय हे त्रिकूट नेहमी एकत्र का येतं याचं उत्तर यात आहे. आणि या तिन्ही ठिकाणी बहुतेकांना बरीच वर्षं काही दुखत नाही. पायाची आग होत होती ती आपोआप कमी झाली, असं कुणी आनंदाने सांगतो तेव्हा तर जास्तच लक्ष द्यावं लागतं. काही वेळा मज्जातंतू पुरता निकामी झाला की आगही थांबते.

किती फरक पडतो याचे पक्के आकडे आहेत. अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ टाइप १ पेशंटांवरचा डीसीसीटी हा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला: एचबीएवनसी ९ च्या आसपास राहिलेल्यांच्या तुलनेत ७ च्या आसपास ठेवलेल्यांमध्ये डोळ्याचा विकार नव्याने सुरू होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी होतं. टाइप २ साठी ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासाने १९९८ साली दाखवलं की ७.९ ऐवजी ७.० वर ठेवलं तरी बारीक वाहिन्यांची गुंतागुंत एक चतुर्थांशाने कमी होते. त्याच अभ्यासात रक्तदाब सरासरी १५४/८७ ऐवजी १४४/८२ वर ठेवलेल्यांमध्ये पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. साखरेच्या नादात बीपीची गोळी विसरणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. २००८ च्या पाठपुराव्यात असंही दिसलं की सुरुवातीच्या वर्षांत साखर नीट ठेवल्याचा फायदा, पुढे दोन्ही गटांची साखर सारखी झाली तरी, टिकून राहिला. निदान झाल्यावरची पहिली पाच-दहा वर्षं, जेव्हा काहीच होत नसतं आणि गोळ्या चुकवाव्याशा वाटतात, तीच सगळ्यात मोलाची असतात.

पायावर जरा थांबू या, कारण सगळ्यात जास्त टाळता येण्याजोगं नुकसान तिथे होतं आणि सगळ्यात कमी लक्षही तिथेच असतं.

मज्जातंतू बिघडतात ते लांबचे आधी, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि मोज्यासारखी वर चढते. मुंग्या, जळजळ, रात्री पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होणं, जमिनीवर नसून कापसावर चालतोय असं वाटणं. पण बऱ्याच जणांना यातलं काहीच होत नाही. फक्त संवेदना जाते. सोबत आणखी दोन गोष्टी घडतात. पायाला घाम येणं बंद होतं, त्यामुळे कातडी कोरडी पडून टाचेला भेगा जातात. आणि तळव्यातले बारीक स्नायू दुबळे झाल्याने बोटं आकड्यासारखी वाकतात, चवड्याची हाडं खाली येतात आणि चालताना सगळा भार तिथे पडतो. भार पडला की घट्टा येतो. घट्टा कडक असल्याने खालच्या मांसावर आणखी दाब येतो, आत रक्त साकळतं, मग पू होतो, आणि एक दिवस मोज्याला डाग दिसतो. घट्ट्यात काळा किंवा जांभळा ठिपका दिसला तर आत जखम झालेली आहे असंच धरायचं.

संवेदना आहे की नाही हे घरी एका मिनिटात बघता येतं. पेशंटला झोपवा, मोजे काढा, उजवा पाय कुठला आणि डावा कुठला हे आधी सांगा, मग डोळे मिटायला सांगा. तर्जनीने बोटाच्या टोकाला एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. जाणवलं की त्यांनी उजवा किंवा डावा म्हणायचं. प्रत्येक ठिकाणी एकच संधी. कळलं नाही तर पुन्हा हात लावून बघायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय धोक्यात आहे असं समजून डॉक्टरांकडे जायचं. तिथे १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (दाबल्यावर वाकणारा नायलॉनचा धागा) आणि १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने नीट तपासणी होते. धागा घट्ट्यावर टेकवला तर उत्तर चुकतं, म्हणून घट्ट्याच्या बाजूला टेकवतात. एवढ्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. लागतात ती पेशंटला चप्पल-मोजे काढायला सांगण्याची दोन मिनिटं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मेटफॉर्मिन ही डायबेटिसची नेहमीची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर व्हिटॅमिन बी१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही नेमक्या अशाच मुंग्या येतात. शाकाहारी माणसात तर हमखास शंका घ्यावी. बी१२ न तपासता वर्षभर प्रेगाबालिन (मज्जातंतूच्या दुखण्याची गोळी) चालू ठेवणं मला पटत नाही.

रोज रात्री पाय बघायचे: तळवा, टाचेचा मागचा भाग, बोटांच्या बेचक्या. वाकता येत नसेल तर फरशीवर आरसा ठेवून, नजर अधू असेल तर घरातल्या कुणीतरी. पाणी कोमट, तेही कोपराने पाहून. पायाने पाहू नये, त्याला कळणार नाही. गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसायची पद्धत आपल्याकडे फार आवडीची आहे. संवेदना गेलेल्या पायासाठी ती थेट भाजण्याची सोय आहे. शेकायची पिशवीही तशीच. धुतल्यावर बेचक्या टिपून कोरड्या करा, टाचेला आणि तळव्याला व्हॅसलिन किंवा युरिया असलेलं क्रीम लावा, बेचक्यांत मात्र लावू नका. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. नखं सरळ रेषेत कापा, कोपरे खोल कोरू नका, नाहीतर नखुरडं होतं. आणि मला सगळ्यात जास्त चीड येते ती औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुरूप काढायच्या पट्ट्यांची. त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते कुरूप आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही. ब्लेडने घट्टा तासणं हाही घरचा उद्योग नव्हे.

चपलेबद्दल. अंगठ्यात अडकवायची रबरी चप्पल संवेदना नसलेल्या पायातून कधी निसटली कळत नाही, आणि तिच्या पट्ट्याने बेचकी कापली जाते. कोल्हापुरी दिसायला छान, पण तळ कडक आणि अंगठा काचतो. हवी ती मागे पट्टा असलेली, पुढे रुंद, आत एमसीआर या मऊ रबराचा थर आणि खाली खिळा घुसणार नाही असा जाड सोल. वेल्क्रोच्या पट्ट्या असतील तर सूज आली तर सैल करता येतात. खरेदी संध्याकाळी करायची, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आकृती काढा, ती कापून चपलेत घालून बघा. कागद कुठे दुमडला तर ती चप्पल नको. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरायला हवी. 'वापरून सैल होईल' हे दुकानदाराचं वाक्य इथे ऐकायचं नाही. नवी जोडी पहिल्या दिवशी एक-दोन तासच, मग काढून लाल डाग बघायचा. घालण्याआधी आत हात फिरवायचा: खडा, नाणं, उचकटलेला खिळा.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना सेफ्टी शूज सक्तीचे असतात. त्यांची पुढची लोखंडी टोपी वाकलेल्या बोटांवर दिवसभर घासते. त्याच मापाचे पण रुंद पंज्याचे शूज मागता येतात, आणि पाळी संपल्यावर मोजे काढून बोटांचे सांधे बघणं नियमात धरायचं. वाशीच्या एपीएमसीतल्या माथाडी कामगाराचं वेगळं: डोक्या-पाठीवर ओझं, पायात रबरी चप्पल, आणि चवड्यावर दुप्पट भार. त्याला 'चालणं कमी करा' सांगून उपयोग नाही. मऊ इनसोल आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी घट्टा व्यवस्थित तासून घेणं हे जमण्यासारखं आहे.

घरात अनवाणी वावरायची आपली रीत आहे. घरातली वेगळी चप्पल ठेवा; टाचणी, काचेचा तुकडा, तुटलेली टाइल सगळं घरातच असतं. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहून टेंभीनाक्याच्या देवीला जाणारे, ठाण्याहून कसारा घाट चढून शिर्डीला पायी जाणारे, चैत्रात पालखीबरोबर कार्ल्याच्या एकवीरेला जाणारे आगरी-कोळी, यांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण वरच्या स्पर्शाच्या चाचणीत पाय नापास झाला असेल तर अनवाणी चालायचं नाही, एवढं घरच्यांनी सांगावंच. एप्रिलमधलं डांबर आणि देवळाबाहेरची तापलेली फरशी तळवा भाजते आणि माणसाला ते घरी येऊन फोड दिसल्यावर कळतं. पायी जायचंच असेल तर शूज, दोन जोड सुती मोजे आणि दर मुक्कामाला पाय तपासणं.

पावसाळ्यात वंदना एसटी डेपोजवळ पाणी साचतं, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचतं. त्या पाण्यातून जावं लागलं तर घरी पोचताच पाय साबणाने धुऊन कोरडे करा. पायाला भेग किंवा जखम असताना तसल्या पाण्यातून गेला असाल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, कारण लेप्टोस्पायरोसिसपासून बचावाची गोळी लवकर घेतली तरच तिचा उपयोग. ओल्या मोज्यांनी ऑफिसात आठ तास बसू नये. बॅगेत एक कोरडी जोडी ठेवणं सोपं आहे.

जखम झालीच तर? वाहत्या स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवा, कोरड्या गॉजने झाका, त्या पायावर भार देणं थांबवा आणि २४ तासांच्या आत दाखवा. हळद, चुना, टूथपेस्ट, हायड्रोजन पेरॉक्साइड, यांतलं काही नको. दुखत नाही म्हणून किरकोळ आहे हा हिशोब इथे उलटा चालतो.

दवाखान्यात गेल्यावर तीन प्रश्नांची उत्तरं मिळायला हवीत: जंतुसंसर्ग आहे का, रक्तपुरवठा पुरेसा आहे का, आणि जखमेवरचा भार कसा काढणार. पहिल्यासाठी मेलेलं मांस कापून खोलातला नमुना कल्चरला पाठवतात; वरवरच्या पुसट स्वॅबमध्ये कातडीवरचे भलतेच जंतू वाढतात. बोथट सळई जखमेत घातल्यावर हाडाला टेकली तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याची दाट शंका. संसर्गाची लक्षणं नसतील तर अँटिबायोटिक लागत नाही, हे अनेकांना खरं वाटत नाही. रक्तपुरवठ्यासाठी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात, ०.९ च्या खाली म्हणजे वाहिन्या अरुंद. पण डायबेटिसमध्ये घोट्याच्या वाहिन्या कॅल्शियमने कडक होतात आणि गुणोत्तर खोटं चांगलं दिसतं, १.३ च्या वर आलं तर अंगठ्याचा दाब मोजायला सांगा. बिडी-सिगरेट चालू असेल तर बाकी उपचारांचा अर्धा जोर तिथेच जातो.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त दुर्लक्षित. तळव्यावरची जखम महिनोन् महिने भरत नाही ती बहुतेक वेळा रोज तिच्यावरून चाललं जातं म्हणून. उत्तम मलम, उत्तम ड्रेसिंग, आणि पेशंट तिसऱ्या मजल्यावरून दूध आणायला खाली उतरतो. म्हणून गुडघ्यापर्यंतचं न काढता येणारं प्लास्टर किंवा बूट हा पहिल्या पसंतीचा उपाय आहे. काढता येणारा बूट लोक घरात शिरताच काढून ठेवतात.

एक पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय, जखम नाही आणि फारसं दुखतही नाही: याला शार्को फूट म्हणतात. बधिर पायातली हाडं आतल्या आत मोडत असतात. सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येतो, आणि सेल्युलायटिस (कातडीखालचा जंतुसंसर्ग) किंवा युरिक ॲसिड समजून आठवडे वाया जातात. तेवढ्यात पायाची कमान कोसळते आणि पाय होडीच्या तळासारखा होऊन बसतो. उपाय एकच, ताबडतोब प्लास्टर आणि भार बंद. कोविडच्या काळात सोसायटीच्या गेटवर कपाळावर रोखायचे ते इन्फ्रारेड थर्मामीटर आठवतात? घरी पडला असेल तर दोन्ही पायांवर त्याच त्याच जागी रोज धरून बघा. एका जागी दोन दिवस सलग २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक दिसला तर चालणं थांबवा आणि दाखवा. जखम व्हायच्या आधी मिळणारी ही दुर्मीळ सूचना आहे.

आता किडनी. लघवीच्या साध्या तपासणीत प्रोटीन 'निल' आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. त्या पट्टीला थोडं अल्ब्युमिन दिसतच नाही. मागायची ती तपासणी म्हणजे अल्ब्युमिन-क्रिॲटिनिन गुणोत्तर, लॅबच्या भाषेत एसीआर. सकाळची पहिली लघवी उत्तम. ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या आत ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, ३०० च्या वर म्हणजे बरीच पुढची पायरी. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनी आकडा खोटा वाढतो, म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा वाढलेला आला तरच तो खरा धरतात.

क्रिॲटिनिन एकट्याने बघण्यात अर्थ नाही. १.१ हा आकडा ३० वर्षांच्या पुरुषात असेल तर किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ९३ च्या आसपास येते. तोच १.१ घरातल्या ६५ वर्षांच्या आजीचा असेल तर ५६. रिपोर्टवर दोन्हीकडे 'नॉर्मल' छापलेलं असू शकतं, आणि तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहणं हा किडनीचा आजार आहे.

इथे एक विचित्र चकवा आहे. शरीरातलं बरंचसं इन्सुलिन किडनी मोडून टाकते. किडनी थकली की इन्सुलिन आणि काही गोळ्या अंगात जास्त वेळ टिकतात आणि साखर आपोआप उतरू लागते. इतकी वर्षं दाद न देणारी शुगर अचानक ताब्यात आली, घामाघूम होऊन ६० पर्यंत उतरू लागली, इन्सुलिनचे युनिट कमी करावे लागले, तर पेढे वाटण्याआधी ईजीएफआर बघा.

एसीआर वाढलेलं असेल तर रामिप्रिल, टेल्मिसार्टन या बीपीच्या गटांतलं औषध पूर्ण सोसेल त्या डोसपर्यंत नेतात. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिॲटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. क्रिॲटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून औषध बंद करायचं नसतं. दुसरी फळी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्यांची. किडनी वाचवण्यातला त्यांचा फायदा २०२० आणि २०२२ च्या मोठ्या चाचण्यांत दिसला, आणि भारतात दोन्हींची पेटंट संपल्याने आता ती खिशाला परवडतात. त्यांनी लघवीतून साखर जाते, म्हणून जागा स्वच्छ-कोरडी ठेवावी लागते, नाहीतर बुरशी होते. उलट्या-जुलाब, कडक उपास किंवा ऑपरेशन असेल तेव्हा ती थांबवावी लागतात. ऑपरेशनच्या आधी साधारण तीन दिवस. मळमळ, पोटदुखी, धाप असेल आणि साखर २०० च असली तरी केटोन (चरबी जळताना रक्तात साठणारी आम्लं) तपासा.

किडनीचा सगळ्यात घरगुती शत्रू म्हणजे गुडघेदुखीची गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक. बीपीची वर सांगितलेली गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि त्यावर ही वेदनाशामक, असं त्रिकूट जुलाब लागलेल्या ज्येष्ठ माणसाची किडनी चार दिवसांत बसवू शकतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित. बिनलेबलच्या भुकट्या आणि भस्मं यांत धातू असू शकतात. आणि पोटॅशियम वाढलेल्या पेशंटला भेटायला जाताना हॉस्पिटलच्या दारातलं शहाळं घेऊन जाऊ नका. हे सगळं टाळूनही शेवटी डायलिसिसच आलं तर ते महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं. पण आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनवर, आणि जाण्या-येण्याचे वेगळे, हे कुठली योजना परत देत नाही.

हृदयाचं थोडक्यात. डायबेटिसमध्ये हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो: नुसती धाप, घाम, अचानक गळून जाणं, 'ॲसिडिटी झालीय'. चाळिशीपुढच्या बहुतेकांना स्टॅटिन लागतं, कोलेस्टेरॉलचा आकडा बरा असला तरी. हिरड्यांतून रक्त, जखडलेला खांदा, महिनाभर न जाणारा खोकला (डायबेटिसमध्ये टीबीचा धोका दोन-तीन पट), पुरुषांमधली लैंगिक अडचण, उठताना चक्कर, हेही डॉक्टरांना सांगायचं असतं. शेवटच्या दोन गोष्टी लोक सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत.

साखर किती खाली आणायची यालाही मर्यादा आहे. २००८ साली अ‍ॅकॉर्ड या चाचणीत फार कडक नियंत्रणाच्या गटात मृत्यू जास्त दिसले आणि तो भाग थांबवावा लागला. पंचाहत्तरीतल्या, एकट्या राहणाऱ्या, इन्सुलिनवरच्या माणसाला ८ च्या आसपास पुरे, त्याला ६.५ च्या मागे लावून बाथरूममध्ये पाडण्यात शहाणपण नाही.

डोळ्याचं शेवटी, कारण सध्या त्यात एक नवी घाई आली आहे. टाइप २ मध्ये निदान झालं त्याच वर्षी आणि मग दरवर्षी पडदा तपासायचा. टाइप १ मध्ये पाच वर्षांच्या आत सुरुवात. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडदा तपासणं नव्हे. थेंब घालून बाहुली मोठी करतात, त्यानंतर चार ते सहा तास धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही, म्हणून स्कूटर घेऊन जाऊ नका, गॉगल न्या. कळव्याच्या महापालिका रुग्णालयाच्या डोळ्यांच्या ओपीडीतही हे होतं. पडद्यावर रक्ताचे ठिपके असतात तेव्हा नजर ६/६ असू शकते. नव्या कच्च्या वाहिन्या फुटून समोर काळे धागे तरंगायला लागतात तेव्हा लेसर आणि डोळ्यातली इंजेक्शनं लागतात, आणि त्यांनी बरंचसं आहे ते टिकतं. गेलेलं सगळं परत येतंच असं नाही.

घाई अशी: वर्षानुवर्षं १०-११ राहिलेलं एचबीएवनसी काही महिन्यांत ७ वर आणलं तर आधीच बिघडलेला पडदा सुरुवातीला आणखी बिघडू शकतो. इन्सुलिनने हे होतं, आणि २०१६ मधल्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनच्या चाचणीतही असं दिसलं होतं. आता अशी आठवड्याला एक टोचायची इंजेक्शनं ठाण्यातही सर्रास मिळतात आणि वजनासाठी लोक ती स्वतःहून मागतात. औषध चांगलं आहे. फक्त साखर फार जुनी आणि फार चढी असेल तर पहिल्या डोसच्या आधी पडद्याचा फोटो काढून घ्या, विकार निघाला तर डोस हळू वाढवा, आणि पहिलं वर्ष दर तीन-चार महिन्यांनी पडदा पुन्हा दाखवा.